कोंड्याचे कुलूप, विकराची किल्ली

दिवाळीच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील भातगिरण्या सुरू झाल्या की तांदळाबरोबर आणखी तीन गोष्टी घरी येतात: तूस, कोंडा आणि कण्या. तूस चुलीत किंवा गोठ्यात जाते. कण्या आणि कोंडा मात्र परसातल्या कोंबड्यांच्या वाट्याला येतात. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पाच-सात गावठी कोंबड्या असतील तर ती बिनतक्रार चालते, कारण किडे, गवताचे बी आणि खरकटे टिपून कोंबडी आपली उणीव स्वतःच भरून काढते.

अडचण येते ती कोंबड्या पन्नास-शंभर झाल्या की. गिरिराज किंवा वनराज जातीची पिल्ले आणून एखादा बचत गट व्यवसाय सुरू करतो. कोंबड्या आवारात बंद राहतात. घाटावरून येणारे पोत्यातले खाद्य महाग पडते, म्हणून त्यात घरचा कोंडा मिसळला जातो. कुक्कुटपालनातील एकूण खर्चापैकी साधारण ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावरच होतो, तेव्हा हा मोह स्वाभाविक आहे. पण काही आठवड्यांत पिल्लांची वाढ खुंटते, काहींचे पाय वाकडे होतात. मग कोणीतरी दुकानातून एक पुडी आणून देतो. तिच्यावर लिहिलेले असते: ‘एन्झाइम. पचन वाढवा, खाद्य वाचवा.’

या पुडीत नेमके काय असते? ती खरोखर उपयोगी पडते का? पडत असेल तर कुणाला? विज्ञानाच्या शिक्षकाला गावात असे प्रश्न हमखास विचारले जातात. त्यांची उत्तरे पाठ्यपुस्तकातील पचनसंस्थेच्या पाठाशी थेट जोडलेली आहेत, म्हणून आम्ही हा विषय येथे सविस्तर मांडत आहोत.

विकर काहीही देत नाही

एन्झाइम म्हणजेच विकर. विकरे ही बहुतेक सर्व प्रथिनेच असतात. ती रासायनिक क्रियेचा वेग वाढवतात, पण स्वतः खर्ची पडत नाहीत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. पिष्ठमय पदार्थ तोडणारे विकर प्रथिनाला हात लावत नाही आणि प्रथिन तोडणारे विकर स्निग्ध पदार्थाकडे पाहत नाही. ही निवड समजावून सांगण्यासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये कुलूप आणि किल्ली यांची उपमा वापरली. आज या चित्रात बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत, तरीही आपल्या विषयासाठी ही उपमा अगदी चपखल आहे.

किल्लीने तिजोरीत पैसे पडत नाहीत. आत असलेले बाहेर काढता येतात एवढेच. त्याचप्रमाणे खाद्यात विकर मिसळल्याने खाद्यातील पोषण वाढत नाही. जे आधीपासून आहे पण प्राण्याला मिळत नाही, ते मिळू लागते. म्हणून पुडी विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा: या खाद्यात कोणते कुलूप आहे?

पहिले कुलूप: फायटेट

बी म्हणजे रोपाचा शिधा. उगवताना लागणारा फॉस्फरस वनस्पती बियांमध्ये साठवते. त्यासाठी ती इनॉसिटॉल नावाच्या सहा कार्बन अणूंच्या कड्यावर सहा फॉस्फेट गट अडकवते. हे झाले फायटिक आम्ल, आणि त्याचे क्षार म्हणजे फायटेट. तृणधान्ये व तेलबियांच्या पेंडीत जेवढा फॉस्फरस असतो, त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग या रूपात असतो. तांदळात हा साठा दाण्याच्या बाहेरच्या थरांत असल्यामुळे दाणा सडताना तो बहुतेक कोंड्यात उतरतो. कोंड्यातील फॉस्फरसचा सुमारे चार-पंचमांश भाग फायटेटच्या कुलपात असतो.

बी रुजू लागले की त्यातलेच फायटेज नावाचे विकर जागे होते आणि एकेक फॉस्फेट सोडवून रोपाला देते. या विकराचा शोध लागला तोही तांदळाच्या कोंड्यातच. १९०७ मध्ये जपानमधील उमेतारो सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिले.

कोंबडी आणि डुक्कर यांच्या पचनमार्गात हे विकर जवळजवळ नसतेच. गाय, म्हैस, शेळी यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात, ते फायटेज तयार करतात आणि कुलूप परस्पर उघडले जाते. म्हणून तोच कोंडा शेळीला फॉस्फरस देतो आणि कोंबडीच्या विष्ठेतून बराचसा तसाच बाहेर पडतो.

थोडे गणित करू या. समजा, १०० किलो खाद्यात २० किलो कोंडा घातला. कोंड्यात सुमारे दीड टक्का फॉस्फरस धरला, तर कोंड्यातून ३०० ग्रॅम फॉस्फरस आला. त्यातले २४० ग्रॅम कुलपात, कोंबडीला सहज मिळणारे फक्त ६० ग्रॅम. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र ‘३०० ग्रॅम’ असेच सांगणार! आता फायटेजने कुलपातील निम्मा फॉस्फरस सोडवला असे धरू. १२० ग्रॅम जास्तीचे मिळाले. तेवढाच फॉस्फरस डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे दुकानात ‘डीसीपी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीतून द्यायचा तर, त्यात १८ टक्के फॉस्फरस धरून, सुमारे ६७० ग्रॅम डीसीपी लागेल. विकराने होणारी बचत ही अशी मोजायची.

फायटेटचा उपद्रव एवढ्यावर थांबत नाही. त्यावरील फॉस्फेट गट ऋण प्रभाराचे असल्याने कॅल्शियम, जस्त, लोह यांचे धन आयन ते धरून ठेवतात. काही प्रथिनेही त्यात अडकतात. फायटेज हे जाळे सोडवते, म्हणून फॉस्फरसबरोबर इतर खनिजांचाही लाभ होतो.

रत्नागिरीच्या शिक्षकांना याला समांतर असे एक उदाहरण पायाखालीच सापडेल. जांभ्या दगडाच्या लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असते. घातलेले फॉस्फेट ते धरून ठेवते आणि मुळांना हात हलवत बसावे लागते. मातीत फॉस्फरस आहे, पण पिकाला नाही. कोंड्यात फॉस्फरस आहे, पण कोंबडीला नाही. ‘असणे’ आणि ‘मिळणे’ यांतला हा फरक विद्यार्थ्यांना एकदा उमगला की पोषणशास्त्राचा मोठा भाग सोपा होतो.

दुसरे कुलूप: चिकट धागे

चमचाभर इसबगोल पाण्यात टाकून पाच मिनिटे ठेवा. पाण्याचा गिळगिळीत गोळा होतो. ही करामत ॲरॅबिनोझायलन नावाच्या लांब साखळ्यांच्या शर्करेची आहे. याच जातीचे धागे गव्हाच्या दाण्यातील पेशीभित्तिकांत असतात, तर सातूमध्ये बीटा-ग्लुकन नावाचे धागे असतात. युरोपात व कॅनडात कोंबड्यांना मुख्यतः गहू आणि सातू खाऊ घालतात. तिथल्या कोंबड्यांच्या आतड्यात अन्नाचा लगदा चिकट होतो, पाचक रस त्यात नीट मिसळत नाहीत आणि पचलेले अन्न आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. विष्ठाही ओली व चिकट होते, खालचे तूस भिजते आणि अमोनियाचा वास सुटतो.

बीटा-ग्लुकनेज आणि झायलनेज ही विकरे या लांब धाग्यांचे तुकडे करतात. कात्रीने सूत कापावे तसे. तुकडे झाले की चिकटपणा जातो. १९८४ मध्ये फिनलंडमध्ये सातूच्या खाद्यासाठी असे विकर बाजारात आले आणि खाद्यातील विकरांचा आधुनिक व्यापार सुरू झाला.

पण आपल्याकडे काय? भारतात कोंबडीखाद्याचा पाया मका आणि सोयाबीनची पेंड हा आहे. मक्यात चिकट धागे फार थोडे. तांदळाच्या कोंड्यात ॲरॅबिनोझायलन असते, पण ते बहुतांशी न विरघळणारे. त्यामुळे ते चिकटपणा आणत नाही. ते पिंजऱ्यासारखे काम करते आणि आतील प्रथिने व तेल कोंडून ठेवते. झायलनेज या पिंजऱ्याला थोडीफार भोके पाडते, पण गहू-सातूत दिसतो तेवढा ठळक परिणाम येथे अपेक्षित नसतो. परदेशी माहितीपत्रकातील आकडे कोकणातील खाद्याला जसेच्या तसे लावू नयेत, ते याचसाठी.

आणखी एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो. तुसात सिलिका आणि लिग्निन भरपूर असते. कोंबडीखाद्यात मिसळायच्या कोणत्याही विकराने ते पचण्याजोगे होत नाही. तुसाला किल्ली नाही! चाळणीने तूस वेगळे करणे हा विकराच्या आधीचा आणि फुकटचा उपाय आहे.

डुकरे, शेणखत आणि नेदरलँड्स

फायटेज बाजारात यायला १९९१ साल उजाडावे लागले, आणि त्यामागचे कारण केवळ खाद्य वाचवणे हे नव्हते. नेदरलँड्स हा छोटा देश. तेथे डुकरे आणि कोंबड्या प्रचंड संख्येने पाळल्या जात. धान्य व पेंड बाहेरून येई, प्राण्यांना न मिळालेला फॉस्फरस विष्ठेतून शेतात पडे आणि तेथून ओढ्या-तळ्यांत जाई. पाण्यात फॉस्फरस वाढला की शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. १९८०च्या दशकात सरकारने शेतात टाकायच्या खतावर बंधने आणली. तेव्हा अॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीपासून मिळवलेले फायटेज तेथे विक्रीस आले. कांद्यावर आपल्याला दिसणारी काळी बुरशी याच कुळातली. पुढे २००१ मध्ये युरोपीय संघाने पाळीव प्राण्यांच्या खाद्यात मांस-हाडांची भुकटी वापरण्यावर बंदी घातली. हाडांतून मिळणारा फॉस्फरस बंद झाला आणि फायटेजची मागणी आणखी वाढली.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाने तर एक पाऊल पुढे टाकले. जिवाणूतील फायटेजचे जनुक डुकरात घालून, लाळेतच हे विकर तयार करणारी डुकरे त्यांनी निर्माण केली. त्यावरील शोधनिबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. या डुकरांच्या विष्ठेतील फॉस्फरस ७५ टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे आढळले. परंतु ती बाजारात कधीच आली नाहीत. २०१२ मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. खाद्यात चिमूटभर विकर मिसळणे हाच मार्ग टिकला.

रत्नागिरीत डुक्करपालन फारसे नाही. थोडे दक्षिणेला, गोव्यात मात्र घरोघरी डुकरे पाळण्याची जुनी रीत आहे आणि तेथील ‘आगोंद गोवन’ या डुकराची देशी जात म्हणून नोंदही झाली आहे. परसात खरकटे, पेज आणि कोंडा यांवर वाढणाऱ्या डुकरालाही फायटेटचे कुलूप कोंबडीइतकेच नडते.

फॉस्फरसचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. डीसीपी शेवटी खनिज फॉस्फेटपासून बनते. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे त्याची खाण आहे, तरीही भारताला बराचसा फॉस्फेट आयात करावा लागतो. जगातील साठ्यांपैकी सर्वांत मोठा वाटा एकट्या मोरोक्कोकडे आहे. कोंड्यातला फॉस्फरस वाया घालवून बाहेरून दगड आणणे हा व्यवहार फार शहाणपणाचा नाही.

पुडीतली किल्ली कशी वापरायची?

विकराचे मोजमाप वजनात होत नाही, कामात होते. फायटेजचे एक एकक म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि ५.५ सामूला, सोडियम फायटेटपासून मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट मोकळे करणारे विकर. खाद्यात किलोमागे सामान्यतः ५०० एकके देतात. पुडीत ग्रॅममागे ५००० एकके असतील, तर एक टन खाद्याला फक्त १०० ग्रॅम पुरतात. म्हणजे १० किलो खाद्याला एक ग्रॅम!

एवढी थोडी भुकटी सारखी मिसळणे हीच खरी कसोटी. आधी मूठभर बारीक कोंड्यात, मग किलोभर खाद्यात, मग सगळ्या खाद्यात, असे टप्प्याटप्प्याने मिसळावे. एकदम टाकली तर एका कोंबडीला दहापट आणि दुसरीला काहीच नाही, असे होते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. किल्ली प्रथिनाची आहे, तेव्हा अंडे उकडल्यावर जे होते तेच तिचे होते. कारखान्यात खाद्याच्या गोळ्या करताना तापमान ८० ते ९० अंशांपर्यंत जाते. त्यासाठी आवरण दिलेली किंवा उष्णता सोसणारी विकरे वापरतात. साधी पुडी गरम पेजेत कालवू नये. उन्हात किंवा दमट जागी उघडी ठेवू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे लागते.

तिसरी गोष्ट जागेची. कोंबडीच्या गळ्यातील अन्नाच्या पिशवीत आणि पुढे जठर व पेटा यांत आम्लता फायटेजला मानवते. पण खाद्यात कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त असले तर कॅल्शियम-फायटेटचा न विरघळणारा साका होतो आणि किल्ली कुलपात शिरतच नाही. किनाऱ्यावरच्या गावांत शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांना घालतात. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी तो उत्तम, पण वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोंबडी गरजेपुरता टिपते. लहान पिल्लांच्या खाद्यात तो सढळ हाताने मिसळू नये.

चौथी गोष्ट बचतीची. पोत्यातल्या तयार खाद्यात बहुधा फायटेज आधीच घातलेले असते. त्यात पुन्हा पुडी टाकणे म्हणजे उघड्या दाराला किल्ली लावणे. घरी मिसळलेल्या खाद्यात भरपूर डीसीपी असेल, तर फॉस्फरसच्या बाबतीत विकराचा गुण दिसणार नाही. विकर घालायचे तर डीसीपी हिशेबाने कमी करायचे, तरच पैसे वाचतात. हा हिशेब पशुवैद्यकाच्या किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा.

घरातल्या किल्ल्या

विकत न घेता करता येण्याजोगेही बरेच आहे. कोंडा ताजा वापरावा. गिरणीतून निघताच कोंड्यातील तेल आणि कोंड्यातीलच लायपेज हे विकर यांची गाठ पडते, आणि काही दिवसांत कोंड्याला खवट वास येतो. येथे विकर मित्र नसून वैरी आहे! तेल काढलेला कोंडा अधिक टिकतो. मिरकरवाड्यासारख्या बंदरांवरून येणाऱ्या मासळीच्या कुटीत हाडे असतात. त्यांतला फॉस्फरस कुलपात नसतो. मात्र कुटी खारवलेली नसावी, आणि बेताने द्यावी, नाहीतर अंड्याला मासळीचा वास येतो. गव्हाच्या कोंड्यात फायटेज बरेच असते, भाताच्या कोंड्यात कमी. दोन्ही एकत्र कोमट पाण्यात भिजवून ठेवले तर काही कुलपे आपोआप उघडतात. भिजवलेले खाद्य त्याच दिवशी संपवावे; बुरशी आली तर टाकून द्यावे.

हीच युक्ती आपल्या स्वयंपाकघरात फार जुनी आहे. माणसाच्या आतड्यातही फायटेज नगण्यच. नाचणीला मोड आणणे, आंबील करणे, आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवणे या सर्वांत फायटेट कमी होते आणि लोह, जस्त, कॅल्शियम अधिक मिळते.

वर्गात करून पाहा

फायटेजचा प्रयोग शाळेत अवघड आहे, पण विकराचे तत्त्व सहज दाखवता येते. मूठभर नाचणी रात्रभर भिजवा आणि फडक्यात बांधून दोन दिवसांत मोड आणा. थोडे पाणी घालून वाटा, गाळा आणि निवळू द्या. वरचे स्वच्छ पाणी घ्या. हा झाला विकराचा अर्क. त्यातला निम्मा अर्क पाच मिनिटे उकळून थंड करा.

तीन पेल्यांत पातळ, गाळलेली, कोमट पेज सारखी घ्या. पहिल्यात साधे पाणी, दुसऱ्यात कच्चा अर्क, तिसऱ्यात उकळलेला अर्क, प्रत्येकी दोन चमचे घाला. दर पाच मिनिटांनी प्रत्येक पेल्यातला एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर पाणी घातलेल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. पहिल्या व तिसऱ्या पेल्याचा थेंब निळा-काळा होत राहील. दुसऱ्याचा निळा रंग हळूहळू फिका होऊन तांबूस, पिवळट होईल.

मग विद्यार्थ्यांना विचारा: तिसऱ्या पेल्यात अर्क होता, तरी बदल का नाही? पहिला पेला कशासाठी ठेवला? दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुलांनी स्वतः शोधली, तर पुढच्या वेळी गावात पुडी आली की तीच मुले म्हणतील: पन्नास कोंबड्यांचे दोन सारखे गट करू, एकालाच पुडी देऊ, बाकी सगळे सारखे ठेवू, आणि महिनाभर खाद्य व वजन लिहून ठेवू. किलोभर वजनासाठी कोणत्या गटाला किती खाद्य लागले, हे वहीतच दिसेल. पुडीवरच्या मजकुरापेक्षा ती वही बचत गटाच्या अधिक उपयोगी पडेल.